पाऊण तास पुढे पळणारं घड्याळ

घड्याळ आलं ते पांढऱ्या रुमालात, घट्ट गाठ मारून. सोबत आबा, वय चौऱ्याऐंशी, आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. कल्याणला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. पॉकेट वॉच वर्षाला पाच-सहा येतात. बहुतेक बंद असतात, आणि प्रत्येकाबरोबर घरात चालत आलेली एखादी गोष्ट येते. ह्याच्याबरोबर तीन आल्या.

पहिली आबांची. घड्याळ त्यांच्या आजोबांचं. आजोबा जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत गार्ड होते. घड्याळ चांदीचं, विलायतेत बनलेलं, आणि गोऱ्या साहेबानं खूश होऊन बक्षीस दिलेलं.

दुसरी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याची. नातीनं त्याला घड्याळ दाखवलं होतं. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत कोरलेलं 'सेकुंडस' वाचलं आणि म्हणाला, "ताई, हा सेकंडचा माल. मशीनवरच लिहिलंय बघा. आणि रेल्वेची घड्याळं म्हणजे सगळी स्वस्तातली रोस्कोफ, ती भंगाराच्याच भावात जातात."

तिसरी आबांच्या आईची. ती सांगायची, "मामंजींचं घड्याळ पाऊण तास पुढे पळायचं." त्यामुळे घरात त्या घड्याळावर कुणी विसंबत नसे. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची.

"काका, विकायचं नाहीये," नात म्हणाली. "कोणी बनवलं एवढं कळलं तरी खूप."

मी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. घरच्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही आणि ती लगेच उडवूनही लावायची नाही, हे मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. माणसं आठवण इमानानं सांगतात. तिचा अर्थ मात्र मधल्या दोन पिढ्यांत कुठेतरी बदललेला असतो.

आधी झाकण न उघडता जे दिसतं ते बघितलं. समोरून उघडी काच, चावी बारावर, सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी. डायल पांढऱ्या मीनाकामाची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काच भाजून चढवलेली. चारपासून सहापर्यंत केसासारखी एक चीर, तिच्यात काळा मळ बसलेला. आकडे ठसठशीत, कालच काढल्यासारखे. पण बाराच्या खाली, जिथे नाव असायला हवं, तिथे काहीच नाही.

नाव नाही म्हणून डायल बदललेली आहे असं लगेच मानायचं नाही. आकडे डायलबरोबर भट्टीत भाजलेले असतात, ते जात नाहीत. दुकानदाराचं नाव पुष्कळदा नंतर वरून छापलेलं असे. वर्षानुवर्षं ओल्या फडक्यानं पुसून ते निघून जातं. नाव गेलं तरी त्याची सावली मागे राहते. मी काच काढली, दुकानातला दिवा बंद केला, टॉर्च डायलला जवळजवळ आडवी धरली आणि डायलवर हळूच श्वास सोडला. वाफ धरते आणि उडून जाते, मधे दीड-दोन सेकंद मिळतात. शाई होती त्या जागेवरून वाफ जरा वेगळी उडते. पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही. तिसऱ्या वेळी वरच्या कमानीत ई, एस, टी ही इंग्रजी अक्षरं उमटून गेली. मग नातीला सांगितलं, "मी श्वास सोडतो, तू वाच." तिचे डोळे तरुण. तिनं सात-आठ वेळा वाचून जुळवलं: वेस्ट एंड वॉच कंपनी. आणि खालच्या ओळीत, ह्याहून पुसट, बॉम्बे आणि कलकत्ता.

आबा लगेच म्हणाले, "बघा, विलायतचंच!"

आजवर ह्या नावानं पुष्कळांना असंच वाटलं आहे. वेस्ट एंड म्हटलं की लंडनच डोळ्यांपुढे येतं. पण ही कंपनी स्विस मंडळींनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी उभी केलेली. स्थापनेचं साल ती १८८६ सांगते. तिचा माल स्वित्झर्लंडच्या सेंट इमिए गावाकडून यायचा, आणि मुंबई-कलकत्त्याची नावं डायलवर छापून इथे विकला जायचा. पुढे सोवार नावाची तिची मनगटी घड्याळं फौजेतल्या माणसांच्या हातावर दिसू लागली. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना 'वेस्टेंड' हे नाव घरातल्यासारखं. एका जुन्या पॉकेट वॉचवर बॉम्बे हे नाव वाचलं की मला आजही बरं वाटतं, ते लपवत नाही.

पण इथे थांबता येत नव्हतं. डायलवरचं नाव विकणाऱ्याचं असतं. नातीचा प्रश्न बनवणाऱ्याबद्दल होता, आणि त्याचं उत्तर डायलवर नसतं.

आता केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच. मागच्या झाकणावर जी. आय. पी. आर. ही अक्षरं आणि खाली ४१७ हा आकडा. जुन्या बाजारात साध्या घड्याळावर रेल्वेची अक्षरं कोरून भाव वाढवायचे प्रकार मी पाहिलेत, म्हणून ह्या कोरीवकामाकडे भिंगातून बराच वेळ बघितलं. नवीन कोरलेल्या अक्षराची कड बोटाला लागते आणि तळ चकचकीत असतो. इथे कडा गोल झालेल्या, तळाशी जुनाट काळा थर, आणि खिशातल्या नाण्या-किल्ल्यांचे ओरखडे अक्षरांच्या वरून आडवे गेलेले. म्हणजे अक्षरं आधीची आणि खिशातली वर्षं नंतरची. जीआयपी १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली, त्यामुळे अक्षरं त्याच्या अलीकडची असण्याचा संबंध नाही. नंबर घातलेलं घड्याळ म्हणजे खात्याच्या मालाची खूण. साहेबानं दिलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याचं नाव असतं. ही गोष्ट आबांना सांगताना मी जरा चाचरलो. ते म्हणाले, "म्हणजे कामाचं हत्यार होतं तर." आणि त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

चांदीचं मात्र वाटलं. घड्याळ स्विस आणि केस चांदीची असती, तर १८८२ पासूनच्या तिथल्या नियमाप्रमाणे आत छोटा ठसा मिळाला असता: ०.८७५ च्या चांदीला उभं अस्वल, ०.८०० ला रानकोंबडा. इंग्लंडात विकलेल्या चांदीवर तिथले छाप असतात, आणि १९०७ पासून बाहेरून आलेल्या केसांनाही ते सक्तीचे झाले. इथे झाकणाच्या आत असलं काहीच नव्हतं. शिवाय चांदी कपाटात पडून काळी पडते. ही केस कडांशी किंचित पिवळट झाली होती. हे जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालाही नसते. रोज घाम, धूळ आणि कोळशाची भुकटी सोसायला हा धातू चांगला, आणि ड्यूटीच्या घड्याळासाठी तो का निवडला असेल हे सहज पटतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक दुसरी गोष्ट सापडली, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटली. आम्ही घड्याळजी दुरुस्ती केली की सुईच्या टोकानं आत बारीक खूण ठेवतो. तारीख, एखादं अक्षर, कधी बिलाचा नंबर. इथे पाच खुणा होत्या. चार इंग्रजी आकड्यांत, एकाच वळणाच्या, एकाखाली एक, ओळीत. पाचवी बाजूला, तिरकी, देवनागरीत: १७-८-४८, आणि पुढे 'म'. पहिल्या चार खुणांची शिस्त बघून मला त्या एकाच जागी, ठरावीक मुदतीनं केलेल्या सर्व्हिसिंगच्या वाटतात. पाचवी कुठल्यातरी मराठी घड्याळजीची आहे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये घड्याळ त्याच्याकडे आलं होतं, म्हणजे तोवर ते बहुधा ड्यूटीवरून उतरून घरात आलेलं होतं. त्या 'म'ला मी मनातल्या मनात नमस्कार केला. त्यानं एकही स्क्रू खराब केलेला नव्हता.

आता मशीन. रोस्कोफचा प्रश्न एका मिनिटात सुटला. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफनं १८६७ च्या सुमारास गरिबाला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ काढलं. सत्तावन्न भाग, मधलं चाक काढून टाकलेलं, आणि पॅलेटवर, म्हणजे चाकाचा दात अडवून सोडणाऱ्या भागावर, माणकाऐवजी पोलादी पिना. कल्पना मोठी होती, आणि तिच्या नकला जगभर खपल्या. त्यातल्या कित्येकांवर आगगाडीचं इंजिन छापलेलं असे, त्यावरून रेल्वेचं घड्याळ म्हणजे रोस्कोफ असा समज पसरला. पण इथे भिंगाखाली पॅलेटची दोन्ही टोकं लाल दिसत होती. खरे खडे. मोजले तर पंधरा: बॅलन्सच्या, म्हणजे झुलणाऱ्या चाकाच्या, वरखाली मिळून चार, रोलरचा एक, पॅलेटचे दोन, आणि लिव्हर, एस्केप, चौथं, तिसरं अशा चार भागांच्या टोकांना आठ. पंधरा खड्यांचं लिव्हर मशीन हा त्या काळचा पक्का, भरवशाचा माल. बॅलन्स स्क्रूचा, दोन धातूंचा, कापलेला. एस्केप व्हीलचे दात टोकाला रुंद, बुटासारखे. जुन्या इंग्लिश लिव्हरचे दात टोकदार असतात. एवढ्यावरून विलायत बाद झाली आणि स्वित्झर्लंड जवळजवळ पक्कं झालं.

'सेकुंडस' पुलावर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, सुबक अक्षरांत कोरलेलं होतं. फॅक्टरीनं नापास केलेल्या मालावर कुणी इतक्या प्रेमानं 'नापास' कोरत नाही. हा लॅटिन शब्द आहे. त्याचा एक अर्थ दुसरा, आणि एक अर्थ अनुकूल, जसा अनुकूल वारा. वेस्ट एंडनं आपल्या घड्याळांना अशी नावं दिलेली होती: क्वीन अ‍ॅन, मॅचलेस, कॉम्पिटिशन, सेकुंडस. म्हणजे व्यापाऱ्यानं ज्या शब्दावरून घड्याळाची किंमत पाडली तो मॉडेलचं नाव होता. तो लबाडी करत होता असं मी म्हणणार नाही. त्यानं शब्द वाचला आणि ओळखीचा अर्थ लावला. आबाही वेस्ट एंड वाचून लंडनला पोचले होते.

इथपर्यंत विकणारा कळला, मॉडेल कळलं, देश कळला. बनवणारा अजून लपलेला होता, आणि तो जिथे असतो तिथे बघायला डायल उतरवावी लागते. चीर गेलेली मीनाची डायल उतरवताना माझे हात आजही सावकाश होतात. आधी चावी उतरवून स्प्रिंग मोकळी केली, काटे काढले, केसचे दोन स्क्रू सोडले, मशीन बाहेर घेतलं. डायलचे पाय धरणारे स्क्रू मशीनच्या कडेला आडवे असतात. ते अर्धा-अर्धा फेराच सैल करायचे आणि डायल आपणहून उचलली जाईपर्यंत थांबायचं. चिमट्यानं उचकटली की ती पायाजवळ तडकतेच. एक स्क्रू गंजून बसलेला. त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि सगळं काचेच्या घंटेखाली झाकून ठेवलं. आबांना सांगितलं, उद्या या.

दुसऱ्या दिवशी स्क्रू सुटला. डायलखालच्या पाटावर, म्हणजे मशीनच्या मुख्य पत्र्यावर, वर्षानुवर्षांचं वाळलेलं तेल होतं, गुळाच्या पाकासारखं. बेंझिनमध्ये ब्रश बुडवून एक कोपरा साफ केला, आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढी खूण दिसली. मधे वाळूचं घड्याळ, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. शेजारी मशीनचा नंबर, १९ ह्या आकड्यानं सुरू होणारा, पुढे टिंब आणि दोन आकडे.

पंखांचं वाळूघड्याळ म्हणजे लाँजिन. सेंट इमिएची कंपनी, गाव तेच. १८३२ ची पेढी, १८६७ मध्ये नदीकाठी स्वतःचा कारखाना, आणि ही खूण १८८९ साली नोंदवलेली. मशीनच्या नंबरातला पहिला आकडा लिनमधला आकार सांगतो. लिन हे घड्याळाच्या मशीनचं जुनं फ्रेंच माप, एक लिन म्हणजे २.२५६ मिलिमीटर. १९ लिनचे ४२.८६ होतात. व्हर्नियर लावला तर ४२.८ आणि ४२.९ च्या मधे. खूण खरी आणि पाट दुसऱ्याचा, असा घोटाळा इथे नव्हता हे त्या मापानं पक्कं झालं.

मागच्या बाजूला कोरलेला अनुक्रमांक २८ लाखांच्या थोडा वरचा. लाँजिनचे अनुक्रमांक सलग चालत आलेले आहेत आणि त्यांचा सालवार तक्ता आम्हा लोकांत सर्रास वापरला जातो. दहा लाखावं मशीन १८९९ चं, साडेसत्तावीस लाख १९१२ मध्ये, तीस लाख १९१३ मध्ये. म्हणजे हे मशीन १९१२ च्या आसपासचं. मशीन बनणं, केसमध्ये बसणं, बोटीनं मुंबईला येणं आणि रेल्वेच्या हाती पडणं ह्यात थोडा काळ जातो, म्हणून मी वहीत '१९१२ किंवा लगेच नंतर' असं लिहिलं.

आणि हे साल लिहिताना तिसरी गोष्ट आठवली. मामंजींचं घड्याळ पाऊण तास पुढे पळायचं.

मशीनमध्ये दोष असला तर घड्याळ रोज थोडं थोडं पुढे जातं. ते कधी दहा मिनिटं पुढे असेल, कधी दोन तास. कायम पाऊण तासच पुढे असणारं घड्याळ बिघडलेलं नसतं, तसं लावलेलं असतं. मी आबांना विचारलं, "तुमचे आजोबा राहायचे कुठे?"

"गिरगावात. चाळीत. कल्याणला आम्ही नंतर आलो."

मग उत्तर समोरच होतं. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. रेल्वेनं ती घेतली. मुंबई शहरानं घेतली नाही. मोठा विरोध झाला आणि शहरात 'मुंबई टाइम' चालू राहिला, ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. ही दुहेरी वेळ १९५५ पर्यंत चालली. दोन्हींत फरक एकोणचाळीस मिनिटांचा. बोरीबंदरला गाडीतून उतरून गिरगावात चालत जाणारा गार्ड एका वेळेतून दुसऱ्या वेळेत घरी पोचत होता. त्याच्या खिशातलं घड्याळ गाडीच्या वेळेवर, भिंतीवरचं शहराच्या वेळेवर. सुनेनं दोन्ही बघितली आणि जे दिसलं ते सांगितलं.

इथे सालाचाही उपयोग झाला. प्रमाणवेळ येण्याआधी रेल्वे मद्रास टाइम पाळायची, तो मुंबईच्या अर्धाच तास पुढे होता. घरातली आठवण अर्ध्या तासाची असती तर मला घड्याळाच्या सालाकडे पुन्हा बघावं लागलं असतं. तोंडी चालत आलेल्या पाऊण तासावर मी फार भार टाकत नाही. पण ती आठवण एकोणचाळीस मिनिटांजवळ आहे, आणि मशीन १९१२ चं आहे. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लहानपणी मी ऐकलेलं आहे हे. कुणाकडे बोलावणं आलं की वडील विचारायचे, स्टँडर्ड टाइम की मुंबई टाइम? मला कधी घड्याळाशी जोडताच आलं नाही."

नातीला मी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. बनवणारा लाँजिन, सेंट इमिए, पंखांची खूण, माप आणि अनुक्रमांकावरून, खात्रीनं. विकणारा वेस्ट एंड वॉच कंपनी, मॉडेल सेकुंडस, डायलच्या सावलीवरून आणि पुलावरच्या कोरलेल्या नावावरून, खात्रीनं. मालक जीआयपी रेल्वे, घड्याळ क्रमांक ४१७, कोरीवकामाच्या झिजेवरून, जवळपास खात्रीनं. वापरणारे तुमचे खापरपणजोबा, घरच्या सांगण्यावरून. चौथ्या ओळीपुढे खात्रीचा शब्द मी लिहिला नाही. आबांच्या ट्रंकेत पेन्शनचे कागद आहेत, त्यात नाव आणि 'गार्ड' हा हुद्दा आहे, पण घड्याळाचा नंबर कुठेही नाही. तो सापडला तर ती ओळ मी स्वतःच्या हातानं बदलून देईन.

नातीची इच्छा डायलवर नाव पुन्हा छापून घ्यायची होती. मी हात जोडून नको म्हटलं. आता त्या डायलवर जे आहे ते खरं आहे, वाफेत दिसतं तेवढं. नवी शाई चढली की पुढच्या घड्याळजीला ती खरी की खोटी हे कळायला मार्ग राहणार नाही. तिला पटलं. चीरही तशीच ठेवली, नुसता मळ काढला.

सगळं मशीन खोलून धुतलं, मेन स्प्रिंग बदलली, तेल दिलं. झाकणाच्या आत, 'म'च्या खाली, माझी तारीख बारीक लिहिली, देवनागरीतच. मग तीन दिवस टेबलावर चालवून बघितलं, एक दिवस आडवं, एक दिवस उभं, एक दिवस माझ्या खिशात. रोज सकाळी नऊला रेडिओच्या वेळेशी ताडून वहीत लिहिलं. शनिवारी आबा घ्यायला आले तेव्हा त्यांनी ती नोंद स्वतः वाचली, बोट ठेवून, मोठ्यानं: चोवीस तासांत बावीस सेकंद मागे.

"मागे?" ते म्हणाले, आणि घड्याळ कानाला लावलं.